चेन्नईचे ‘पुट’ आणि आपले ‘घालणे’

चेपॉकच्या चिदंबरम स्टेडियमवर चेन्नई सुपर किंग्जचा सामना असला की पिवळ्या गर्दीत दोन शब्द हमखास दिसतात आणि ऐकू येतात: ‘व्हिसल पोडु’. पहिला शब्द इंग्रजी, दुसरा तमिळ. मुंबई इंडियन्सच्या कट्टर पाठीराख्यालाही त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. शिट्टी मार. यातला ‘व्हिसल’ शाळकरी मुलालाही कळतो, तेव्हा तो बाजूला ठेवू. खरी गंमत ‘पोडु’ची आहे. कोश उघडला तर ‘पोडु’चा पहिला अर्थ टाक, ठेव, खाली सोड असा मिळतो. मग शिट्टी टाकायची कुठे आणि ठेवायची कशावर?

तमिळ माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचे दिवसभराचे निम्मे व्यवहार या एका क्रियापदावर चालतात. पहाटे दारात कोलमची रांगोळी काढायची ती ‘पोडु’. फिल्टर कॉफी करायची ती ‘पोडु’. सदरा अंगात घालायचा, चष्मा लावायचा, पंखा चालू करायचा, दाराची कडी लावायची, सगळे ‘पोडु’च. कोंबडी अंडे देते तेव्हा ‘पोडु’, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा ‘पोडु’, मुलगा गणित सोडवतो तेव्हाही ‘पोडु’. रजा ‘पोडु’, सही ‘पोडु’, मत ‘पोडु’, बेत ‘पोडु’, भांडण ‘पोडु’. कुणी काही झकास केले की नुसते ‘अप्पडि पोडु’ म्हणायचे. आपण ‘अस्सं पाहिजे!’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. ‘घिल्ली’ या २००४ च्या विजय-त्रिशाच्या चित्रपटातले याच दोन शब्दांचे गाणे तमिळ न येणाऱ्यांच्या लग्नांतही वाजून गेले आहे.

चेन्नईत उतरलेल्या परक्याच्या कानावर ‘पोडु’ फार लवकर पडतो, आणि तो बहुधा ऑटोरिक्षात पडतो. ‘मीटरुक्कु मेल पोट्टु कुडुंग, सार.’ मीटरच्या वर काहीतरी घालून द्या, साहेब. ‘पोट्टु’ म्हणजे ‘घालून’, ‘कुडुंग’ म्हणजे ‘द्या’. विनंती आहे, वाक्य गोड आहे आणि आकडा बहुतेक वेळा कडू असतो. पण हीच जोडी कचेरीत गेली की रंग बदलते. ‘अवन एन्नै पोट्टु कुडुत्तुट्टान’ म्हणजे ‘त्याने साहेबाकडे माझी चहाडी केली’. घालून देणे ते दोन्हीकडे. रिक्षात वरचे पैसे, कचेरीत स्वतःचा सहकारी. ‘पोट्टु तळ्ळु’ ही जोडी तर तमिळ सिनेमातल्या गुंडांची: घालून ढकल, म्हणजे कायमचा संपव.

आता जरा आपल्या घरात डोकावू. ‘घालणे’ हे मराठी क्रियापद घ्या आणि ‘पोडु’च्या शेजारी उभे करा. तमिळमध्ये ‘सट्टै पोडु’, मराठीत सदरा घाल. ‘मुट्टै पोडु’, अंडे घाल. ‘पिच्चै पोडु’, भीक घाल. ‘वेली पोडु’, कुंपण घाल. ‘पंदल पोडु’, मांडव घाल. ‘उरम पोडु’, खत घाल. ‘तडै पोडु’, बंदी घाल. ‘वळक्कु पोडु’, खटला घाल. ‘सण्डै पोडु’, भांडण नाही तर निदान वाद तरी घाल. ‘पूणूल पोडु’, जानवे घाल. एवढ्या जोड्या योगायोगाने जुळत नाहीत. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळे क्रियापद लागेल. सदऱ्याला एक, अंड्याला दुसरे, कुंपणाला तिसरे, बंदीला चौथे. लंडनच्या माणसाला ‘पोडु’ शिकवायला महिना लागेल. सांगोल्याच्या माणसाला एक दुपार पुरेल.

दोन जोड्या तर अशा आहेत की त्यांच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘नामम’ म्हणजे वैष्णवांच्या कपाळावरचा उभा गंध. तमिळमध्ये एखाद्याला ‘नामम पोडणे’ म्हणजे त्याला फसवणे. आपल्याकडे गुरू शिष्याच्या हाताला बांधतो तो गंडा, आणि एखाद्याला ‘गंडा घालणे’ म्हणजेही फसवणेच. दोन्ही ठिकाणी वस्तू पवित्र, क्रियापद तेच आणि परिणाम खिशावर! शिवाय आपली टोपी आहेच, तीही घालायचीच. तमिळ माणूस फसवण्याला ‘मोट्टै अडि’ असेही म्हणतो, म्हणजे डोके भादरणे. आपल्याकडच्या बिनपाण्याच्या हजामतीची आठवण कुणाला होणार नाही?

दुसरी जोडी माळेची. ‘मालै पोट्टिरुक्कान’, म्हणजे त्याने माळ घातली आहे. हे चेन्नईत कार्तिक महिन्याच्या सुमारास ऐकू आले, तर समोरच्या माणसाने शबरीमलैच्या अय्यप्पाचे व्रत घेतले आहे, तो काळे किंवा निळे कपडे घालणार, अनवाणी चालणार आणि मांस-मद्याला शिवणार नाही, हे सगळे त्या दोन शब्दांत आले. आपल्याकडे ‘त्याने माळ घातली’ म्हटले की वारकरी झाला, मटण सुटले, आषाढी-कार्तिकी लागली, हे वेगळे सांगावे लागत नाही. अय्यप्पाची माळ व्रताच्या काळापुरती असते, विठोबाची आयुष्यभराची, एवढाच फरक. वाक्याची घडण मात्र एका कारागिराच्या हातची वाटावी अशी.

तरी ‘पोडु’ आणि ‘घालणे’ यांना एकमेकांची प्रत समजू नये. तमिळमध्ये जे काम एकटा ‘पोडु’ ओढतो, ते मराठीत घालणे, टाकणे, लावणे आणि मारणे या चौघांनी वाटून घेतले आहे. आपण सदरा घालतो, पण चहा टाकतो, पंखा लावतो आणि शिट्टी मारतो. मत टाकतो, व्याज लावतो. उलट तमिळमध्ये ‘मारणे’चे खाते ‘अडि’ या दुसऱ्या क्रियापदाकडे आहे, आणि तिथेही आपली वही जुळते. ‘अरट्टै अडि’ म्हणजे गप्पा मार, ‘कण् अडि’ म्हणजे डोळा मार, ‘दम अडि’ म्हणजे सिगारेटचा दम मार. थापांसाठी ‘विडु’ आहे, म्हणजे सोड. ‘रील विडु’ ही आपली पुडी सोडणेच. इंग्रजी झाडून भाव खाणाऱ्याला चेन्नईत ‘पीटर’ म्हणतात, आणि तो जे करतो त्याला ‘पीटर विडु’. पीटर सोडतो आहे!

हा ‘पोडु’ इंग्रजीत शिरला तेव्हा काय झाले, ते आता पाहू. चेन्नईच्या महाविद्यालयांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत, चहाच्या टपरीवर जी इंग्रजी चालते तिच्यात ‘पुट’ हे क्रियापद जागोजागी भेटते. ‘ही इज पुटिंग सीन’ म्हणजे तो शायनिंग मारतोय. ‘आय पुट लीव्ह’ म्हणजे मी रजा टाकली. ‘दे पुट फाइट’ म्हणजे त्यांचे वाजले. ‘पुट मिस्ड कॉल’ तर सगळ्यांनाच कळते. ‘पुटिंग मोक्कै’ म्हणजे रटाळ विनोद मारणे, पकवणे. ‘पुटिंग कडलै’ हे खास कॉलेजातले: कडलै म्हणजे शेंगदाणे, आणि ते ‘पोडणे’ म्हणजे मुलामुलींनी तासन्‌तास गोड गप्पा हाणणे. या वाक्यांत शब्द इंग्रजी आहेत, धागा तमिळ आहे. ‘पोडु’ उचलला, त्याच्या जागी ‘पुट’ बसवला आणि बाकीचे वाक्य तसेच चालू ठेवले.

व्याकरणाच्या अंगाने इथे एक गोष्ट घडली आहे, आणि ती मला सर्वांत रंजक वाटते. मूळ इंग्रजीतल्या ‘पुट’ला जागेची भूक असते. नुसते ‘पुस्तक पुट’ म्हणून वाक्य पुरे होत नाही. टेबलावर, कपाटात, खाली, काहीतरी ठिकाण सांगावेच लागते. जिथे ठिकाण नसते तिथे निदान एखादे शेपूट जोडावे लागते. ऑफ लावले की पुढे ढकलणे, आउट लावले की विझवणे, ऑन लावले की अंगावर चढवणे, अप आणि विथ दोन्ही लावले की निमूट सोसणे. इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या या शेपटांनी रडवल्या आहेत. चेन्नईच्या ‘पुट’ने ठिकाणही टाकून दिले आणि शेपूटही. त्याला फक्त एक नाम हवे: सीन, फाइट, लीव्ह. नाम अर्थ पुरवते आणि ‘पुट’ वाक्य चालवतो.

अशा क्रियापदांना भाषाशास्त्रात हलकी क्रियापदे म्हणतात. ही संज्ञा डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी इंग्रजीसाठीच वापरली होती. इंग्रज माणूस चालायला जातो तेव्हा चाल ‘घेतो’, अंघोळ करतो तेव्हा अंघोळ ‘बाळगतो’, उसासा टाकतो तेव्हा उसासा ‘देतो’. त्यातली देण्याघेण्याची क्रिया केव्हाच झिजून गेली आहे. म्हणजे इंग्रजीच्या घरात ही सोय आधीपासून होती. चेन्नईकरांनी ती नव्याने शोधली नाही, इंग्रजांच्या अंगवळणी नव्हते अशा एका क्रियापदाला तिथे कामाला लावले.

‘पोडु’चे ‘पुट’ झाले, मग ‘अडि’चे ‘हिट’ का झाले नाही? गप्पा ‘हिट’ केल्या असे चेन्नईत कुणी म्हणत नाही. माझा तर्क असा की ‘हिट’मध्ये फटका अजून जिवंत आहे; ते ऐकताच कानाला लागतो. ‘पुट’ बापडा निर्गुण, कशातही मिसळतो. आपल्याकडे ‘डोकं खाऊ नकोस’चे थेट इंग्रजी करून मुंबईकर मोकळा झाला, तिथे मात्र खाण्याची चव पुरती शाबूत ठेवली. तेव्हा माझा तर्क सगळीकडे लागू पडेलच असे नाही.

‘पुट’चा सर्वांत भरभराटीचा सुभा म्हणजे आयआयटी मद्रास. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभी राहिलेली ही संस्था, गिंडीच्या जंगलाला लागून असलेला तिचा परिसर आणि नद्यांची नावे दिलेली वसतिगृहे: गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा, कावेरी. इथे आंध्र, बिहार, महाराष्ट्र, केरळ सगळीकडची मुले एका मजल्यावर राहतात, आणि त्यांची सामाईक बोली इंग्रजी. तिच्यात ‘पुट’ला मोकळे रान मिळाले. ‘पुट फंडा’ म्हणजे उपदेश पाजणे. ‘पुट क्रॅश’ म्हणजे ताणून देणे. ‘पुट नाइट-आउट’ म्हणजे रात्र जागून काढणे. नाशिकहून किंवा पाटण्याहून आलेला मुलगा पहिल्या सत्रातच हे बोलायला लागतो. त्याला तमिळचे अक्षर येत नाही, पण त्याच्या इंग्रजीतून ‘पोडु’ बोलत असतो. तोच पुढे पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी करतो आणि ही लकब तिथेही नेतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका विद्यार्थिनीने तर या वसतिगृहांच्या बोलीवर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. आपल्या विद्यापीठांना हे कधी सुचणार कोण जाणे.

इंग्रजांच्या स्वतःच्या घरातही ‘पुट’ हे काही लहान प्रकरण नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, चारशेहून अधिक अर्थांची. नवी आवृत्ती तयार होऊ लागली तेव्हा आधी ‘मेक’ने, मग २००७ साली ‘पुट’ने तो मान पटकावला. २०११ साली ‘रन’ पुढे गेला. त्याच्या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि त्यासाठी एक संपादक नऊ महिने बसला होता. रोजच्या वापरातले लहान, मळलेले शब्दच कोशकाराला घाम फोडतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ‘लागणे’ काढून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

पण ऑक्सफर्डच्या त्या लांबलचक नोंदीत चेन्नईचे ‘पुट’ सहजी मावणार नाही, आणि त्यामागे कोशांची जुनी सवय आहे. परक्या भाषेतून आलेले शब्द टिपताना कोशकार नामे टिपतात. मद्रासच्या बंदरातून इंग्रजीत गेलेले कॅटामरान, चिरूट, मलगटाणी हे सगळे तमिळ शब्द नामेच आहेत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. तो तंजावरला न्यायाधीश होता, आणि भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानेच १८८० साली छापली. मराठ्यांच्या पोथ्या चाळणारा, तमिळ मुलखात न्यायदान करणारा आणि इंग्रजी कोश रचणारा हा माणूस कोश छापून येण्याआधी, १८८२ सालीच वारला. असे कोश शब्दांच्या पेहरावाकडे पाहतात. ‘चिरूट’चा पेहराव परका, म्हणून तो पकडला जातो. ‘पुट’चा पेहराव अस्सल इंग्रजी; परकी आहे ती त्याची वागणूक. वागणुकीतला असा बदल भाषेच्या पोटात होतो आणि कुणाला फारसा दिसत नाही. अलीकडे, २०१६ साली, ऑक्सफर्डने ‘अय्यो’ला दार उघडले, पण तो उद्गार असल्यामुळे लगेच ओळखू आला.

‘घालणे’ आणि ‘पोडु’ एवढे जुळत असले तरी मराठी आणि तमिळ या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा. तमिळ-तेलुगू-कन्नड यांचे कूळ संस्कृतापासून वेगळे आहे, हे १८१६ साली फ्रान्सिस एलिस यांनी मांडले तेही मद्रासमध्येच, फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजच्या परिवारात. पण कूळ वेगळे असले तरी शेजार जुना असतो. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली संपूर्ण भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी मांडणी केली, आणि त्यांच्या पुराव्यांत आपण रोज बोलतो ते जोडशब्दही होते. आपण कॉफीबिफी म्हणतो, तमिळ माणूस ‘काप्पी-कीप्पी’ म्हणतो. आपण ‘येतो म्हणून सांगितलं’ म्हणतो, तोही ‘वरेन्नु सोन्नान’ म्हणतो. वाक्याच्या मधोमध ‘म्हणून’ घालण्याची ही तऱ्हा दोघांची. मराठीत विश्वनाथ खैरे यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ यांच्या नात्यावर आयुष्यभर लिहिले. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती मान्य व्हाव्यात असे नाही, पण मराठी समजायला दक्षिणेकडे पाहावे लागते, हा त्यांचा हट्ट रास्त होता. ‘घालणे’ आणि ‘पोडु’ यांची वही ताडून पाहिल्यावर तो अधिकच रास्त वाटतो.

मग चेन्नईचे ‘पुट’ चूक की बरोबर? इंग्रजीच्या शिक्षकाला विचाराल तर तो लाल रेघ मारेल, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती मारलीच पाहिजे. नोकरीच्या अर्जात ‘आय पुट लीव्ह’ लिहू नये. पण हा न्याय सगळ्यांना सारखा लावायचा, तर मग आपल्या मंत्रालयातली फाइल साहेबांकडे ‘पुट अप’ होते तिचे काय? ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असे विचारून आपण कुणाचा तरी पत्ता विचारतो. इंग्लंडात हा प्रश्न पाहुण्यापुरता, चार दिवस कुठे उतरलात एवढ्यापुरता. ‘यू हॅव पुट ऑन’ म्हणून वजन वाढल्याचे तोंडावर सांगतो आणि वजन हा शब्द गाळतो. ही सगळी इंग्रजी सुशिक्षितांची, म्हणून चालते. कॉलेजातली पोरे ‘पुट सीन’ म्हणतात तेव्हाच नाक मुरडायचे, हा दुटप्पीपणा झाला. चेन्नईच्या ‘पुट’ला नियम आहेत, तो कुठेही वाटेल तसा येत नाही. ज्या नामाबरोबर तमिळमध्ये ‘पोडु’ बसतो त्याच्याबरोबरच बहुधा ‘पुट’ बसतो. जिथे तमिळ ‘पण्णु’ म्हणजे ‘कर’ वापरते, तिथे ‘पुट’ अवघडतो. ज्या बोलण्याला नियम आहेत त्याला गबाळे म्हणता येणार नाही.

चेन्नईत मराठी माणूस नवा नाही. तंजावरहून आलेली मराठी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी महरट्टा एज्युकेशन फंड १९१२ साली निघाला. विटा-खानापूरकडची गलाई कारागीर मंडळी सोने गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूच्या गावोगावी जाऊन बसली. आता त्यांच्यात आयटीवाल्यांची भर पडली आहे. जाणाऱ्याने तमिळ शिकायची सुरुवात ‘पोडु’पासून करावी, तेवढ्या एका शब्दावर दुकान, रिक्षा आणि खाणावळ निभावते. फक्त एक लक्षात ठेवा. ‘पोडु’ हे एकेरी आहे. मित्राला आणि धाकट्यांना चालते, स्टेडियमवर सगळ्यांना चालते. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला आणि रिक्षावाल्यालाही ‘पोडुंग’ म्हणावे.